नादार यजमानाची पंगत

नवरा सुटला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. तो कंगाल झाला हे कळल्यावर मात्र मी रडले. काळजीपोटी नव्हे, खोटं कशाला बोलू. घटस्फोट राजीखुशीनं झाला होता, नांदेडच्या कोर्टात. पोटगीचे सहा लाख ठरले. निम्मे तेव्हाच मिळाले, निम्मे वर्षभरात द्यायचे होते. वर्ष सरायच्या आत गडी पुन्हा कोर्टाची पायरी चढला आणि नादारीचा अर्ज टाकून आला. म्हणजे मायबाप, माझ्याकडं आता काही म्हणजे काही उरलेलं नाही, घेणेकऱ्यांना आवरा.

माझ्या वकिलांनी सांगितलं, आता रांगेत थांबावं लागेल. आधी बँक, मग पतपेढी, मग बाकीचे. बारा वर्षं त्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर मी शेवटी जेवत आले होते. रांगेची सवय होती म्हणायची.

पण थांबायला सवड कुठं होती? लातूरला मी क्लासच्या मुलींसाठी मेस चालवते. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी, दोन वेळचं जेवण, दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं शेड. जागा भाड्याची. मालकानं ती विकायला काढली. भला माणूस, पहिल्यांदा मलाच विचारलं, पण दिवाळीपर्यंतच थांबतो म्हणाला. ते तीन लाख हाती आले तर उरलेलं कर्ज द्यायला बँक तयार होती. नाही आले तर चूल उचला आणि चालू लागा.

अशात श्रावणात आत्याबाईंचा फोन आला. आत्याबाई म्हणजे माझी सासू. कोर्टानं नवरा सोडवला, सासू सोडवायचं राहून गेलं. त्या दर सणाला फोन करतात. म्हणाल्या, गावात सप्ता बसलाय, औंदा काल्याची पंगत आपली हाय, ये जेवाया. मी म्हटलं, आपली म्हणजे कुणाची? तर म्हणाल्या, कुणाची म्हंजे, तुज्या नवऱ्याची. दोनदा विचारून खात्री केली. केळीचा मळा धाकट्या भावाच्या नावावर, ट्रक भावाच्या नावावर, घरसुद्धा भावाच्या नावावर करून राहिला होता हा माणूस. पुण्य तेवढं कुणाच्या नावावर करायला त्याचा जीव धजला नाही.

मी मेसला एक दिवस सुट्टी दिली आणि सकाळच्या एसटीनं निघाले. नांदेडला उतरून अर्धापूरची जीप धरली. गावाला पोचले तर कीर्तन संपून बायकांची पंगत बसत होती. आत्याबाईंनी हाताला धरून शेजारी बसवलं. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. सगळं गाव लोटलेलं. नादार यजमान पांढऱ्याशुभ्र कपड्यात, गळ्यात उपरणं, हात जोडून पानापानापाशी सावकाश होऊ द्या म्हणत फिरत होते. मला बघितलं आणि हात जोडलेलेच राहिले.

जयघोष झाला, बायका जेवल्या. मी पानाला हात लावला नाही.

आता आमच्याकडं पंगत उठते ती सगळी एकदम. एकीचं पान तसंच असेल तर बाकीच्यांनी उठायचं नसतं, आणि पानावर बसलेली बाई उपाशी गेली तर यजमानाची पंगत बाटली. बायकांचे हात वाळले. पुढची पंगत उन्हात ताटकळली. कुणीतरी चिडून विचारलं, कोण हाय गं ही भवानी? शेवटी सप्त्याचे कारभारी आले. सत्तरीचे, शांत माणूस. विचारलं, बाई, काय कमी पडलं?

मी म्हटलं, “कमी काहीच नाही, दादा. पण यजमानांनी कोर्टात लिहून दिलंय, त्यांच्याकडं स्वतःला खायला काही नाही. एवढ्या गरिबाचं अन्न माझ्या घशाखाली उतरत नाही.”

बायकांत खसखस पिकली. यजमान लालबुंद झाले. हा कोर्टातला मामला आहे, इथं काढू नये म्हणाले. कारभारी म्हणाले, मामला असेल कोर्टातला, पंगत तर इथली खोळंबलीय. मग दोघे भाऊ मंडपामागं गेले. बराच वेळ कुजबूज, एकदा आवाज चढला, आणि धाकट्यानं घरून चेकबुक मागवलं. पुरे तीन लाख, धाकट्याच्या सहीनं. चेक पुढं वटला, हे आत्ताच सांगते. जीव टांगणीला लावायची मला हौस नाही.

चेक कारभाऱ्यांच्या हातात होता. ते माझ्याकडं यायला निघाले, तेवढ्यात यजमानांनी माईक घेतला. घसा साफ करून म्हणाले, आजच्या शुभदिनी एका निराधार भगिनीला तीन लाखांची मदत करत आहोत, पांडुरंगानं गोड मानून घ्यावी.

टाळ्या पडल्या. माझ्याच शेजारच्या बायकांनी खरकट्या हातांनी वाजवल्या. माझे कान तापले. कोर्टानं दिलेला माझा हक्क, आणि ह्यानं भरल्या गावात त्याची भीक केली. तो चेक फाडून त्याच्या अंगावर फेकावा, असं मनापासून वाटलं. कारभारी समोर उभे होते. हलक्या आवाजात म्हणाले, बाई, आता घास घ्या. घास घेतला म्हणजे दान घेतलं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. डोळ्यापुढं मेसच्या पोरी आल्या, पण हात काही पानाकडं जाईना.

आत्याबाई माझ्याकडं सरकल्या. त्यांनी माझ्या पानातली पुरी मोडली, बुंदी लावून माझ्या तोंडापुढं धरली.

“भैन म्हनला न्हवं तुला? मंग मी तुजी माय झाले. भाड्याला काय म्हनायचं ते म्हनू दे. माय भरवाया लागली, तू खा.”

मी खाल्लं. रडत रडत सगळं पान संपवलं, आणि मग पंगत उठली.