ब्रेकचा रबर

त्या काळी मी एका डॉक्टरांची नवी गाडी चालवायचो. वळसंगच्या रस्त्यावर उताराला ब्रेक लागला नाही आणि गाडी लिंबाच्या झाडावर आदळली. शेजारी बसलेल्या डॉक्टरांचा हात मोडला. ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत. पण मीच ब्रेक जोरात दाबला नसेल, या विचारानं आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

गाडी गॅरंटीत होती, म्हणून सोलापुरात विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये ओढून नेली. मॅनेजर लांबूनच म्हणाले, "ड्रायव्हरची चूक. गॅरंटीत बसत नाही."

तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, किडकिडीत. त्यानं आधी फडक्यानं एकेक बोट पुसलं, मग गाडीला हात लावला. मला आत बसवून म्हणाला, "त्या दिवशी दाबला तसाच दाबा." स्वतः गाडीखाली निजून बघत राहिला. तासाभरानं त्यानं ब्रेकच्या सिलिंडरमधला रबर काढला आणि कागदावर लिहिलं, 'माल मुळातच खराब.'

मॅनेजर म्हणाले, "परत बघा."

"दोनदा बघितलंय, साहेब."

मॅनेजरांनी कागदावर सही केली. ते गेल्यावर मेकॅनिकनं तो रबर माझ्या तळहातावर ठेवला. त्याची कड फाटून उलटली होती.

"जोर लावल्याबिगर ही अशी उलटत न्हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी ब्रेक दाबला व्हता."

मला रडू आवरेना. तो पाठमोरा झाला आणि हत्यारपेटीतले पुसलेलेच पाने पुन्हा पुसत बसला.