सांबप्पांच्या शेजारची जागा

उमादेवी ऑस्ट्रेलियाला कायमची गेली, असं सोनपेठमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. फक्त उमादेवीला विचारायचं राहिलं होतं.

आमच्या घरांची भिंतीला भिंत. मी बी.ए. करून इथल्याच शाळेत शिकवलं. ती मॅट्रिक होताच लग्न होऊन सांबप्पांच्या किराणा दुकानामागच्या घरात आली. सांबप्पा जेवायला आत गेले की गल्ल्यावर हीच बसायची, आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याच्या घरात काय संपलंय ते सांगायची. अशी ठाम बाई. म्हणून पुढचं सगळं मला फार जड गेलं.

सांबप्पा गेले. हे लिंगायत, यांच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाटेवरच्या त्यांच्या शेतात समाधी बांधली आणि उजव्या हाताला जागा मोकळी सोडली. ती कुणाची, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मग मुलगा महांतेश तिला ॲडलेडला घेऊन गेला. दुकानाला कुलूप लागलं आणि शेत पुतण्या सोमेश्वर कसू लागला.

तिकडं गेल्यावर पहिल्याच मे महिन्यात उमादेवीनं कुरडया घातल्या. मे म्हणजे उन्हाळकाम, त्यात विचार कसला करायचा. गहू भिजवले, चीक काढला, शिजवला आणि घराच्या दक्षिणेच्या अंगाला चादर अंथरली, कारण आपल्याकडं ऊन तिथं येतं. तिकडं आलंच नाही. कुरडयांना बुरशी लागली. तिथं मे म्हणजे थंडीची सुरुवात आणि ऊन उत्तरेच्या बाजूनं येतं, हे तिला नातीनं समजावलं, तेही कुरडया फेकून देताना. फोनवर मला म्हणाली की बाकी काही न्हाई, पण ऊन तरी मला कळत होतं असं वाटायचं. मी म्हटलं, नकाशा बघायचा होतास. तिनं फोन ठेवला.

त्यांच्या घराजवळ एक दफनभूमी होती. सून ईश्वरी तिला तिथं फिरायला न्यायची. हिरवं गवत, बाकडी, फुलं घेऊन येऊन गप्पा मारत बसणारी माणसं. उमादेवीला ती जागा आवडली. इथं जन्मभर कुणी ना कुणी विचारायचं, तुमच्यात पुरतात नं? तिकडं कुणी विचारत नाही. महांतेशनं हे हेरलं आणि एकदा जेवताना म्हणाला की आई, काळजी करू नको, तुझ्यासाठी तिथंच जागा बघून ठेवू. पोरगा भल्यासाठीच बोलला. पण तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

या एप्रिलमध्ये ती आली. तिकडं कायम राहायचं का, याचं उत्तर महांतेशनं मागितलं होतं आणि ते घेऊनच तिनं परत जायचं होतं. बॅग उघडायच्या आधी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

“तिकडं पुरतात, कमल. पण निजवतात.”

“मग?”

“आमच्यात बसवतात. हातात इष्टलिंग देतात. आडवं पडून पूजा कोण करतंय?”

मी सांगितलं, मेल्यावर बसलं काय आन् निजलं काय, आमच्यात तर जाळून मोकळे होतात. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू माझं सगळं शिक्षण वाया गेलंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटोनं शेतात गेलो. उत्तर देण्याआधी तिला आपली जागा बघायची होती.

जागेत बोअर होता. समाधीच्या उजव्या हाताला, बरोबर तिथंच. लोखंडी पाइप, वायर, स्टार्टरची पेटी. सोमेश्वर धावत आला आणि खाली बघून सांगू लागला. जुना बोअर आटला. पाणी बघणाऱ्याला आणलं, तो सगळं रान फिरला आणि त्याच्या तळहातावरचा नारळ इथंच उभा राहिला.

“विचारायचं होतंस,” मी म्हटलं.

“कसं विचारू, बाई? काकू, तुमच्या जागेत बोअर पाडू का, असं फोनवर विचारायचं?” मग तिच्याकडं वळून हळूच म्हणाला, “मला वाटलं, तुमी आता तिकडच्याच.”

तिनं त्याला मोटार चालू करायला लावली. ओंजळभर पाणी प्याली. पाणी गोड होतं, हे तिनं कबूल केलं. मग समाधीला वळसा घालून डाव्या अंगाला गेली आणि नांगरलेल्या ढेकळांत मांडी घालून बसली. पाठ ताठ, डावा तळहात उघडा.

“इथं सकाळचं ऊन येतं का रे?”

“येतं की.”

“सावली कुणीकडं जाते?”

त्यानं हात करून दाखवला. त्याच मातीत जन्म घालवलेली बाई पुतण्याला सावली विचारत होती.

तिथूनच तिनं महांतेशला फोन लावला. स्पीकर चालूच होता.

“महांतेश, तिथं मला बसवतील का?”

“कुठं, आई?”

“खड्ड्यात.”

तो म्हणाला, “विचारावं लागंल.”

आठवड्यानं त्याचा फोन आला. असं आजवर कुणी मागितलं नाही, असं ते दफनभूमीवाले म्हणाले होते. उमादेवीनं विचारलं, न्हाई म्हणाले का? तर न्हाई बी म्हणाले नव्हते.

त्यानंतरचे दिवस तिनं माझ्या गच्चीवर कुरडया वाळवण्यात घालवले. मी रोज विचारायची आणि ती रोज चादर सरकवायची. शेवटी मी वैतागले.

“जायलीस का राहायलीस, एक काय ते सांग.”

“जायलेय. नातीची शाळा हाय.”

“म्हणजे कायमची?”

“तेच तर कळंना.” तिनं कुरडयांचा डबा कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवला. “सोमेश्वरला म्हण, डावीकडं पेरू नको.”

ती गेली. तिचं उत्तर हो आहे की नाही, हे महांतेश मला विचारतो आणि मी त्याला.

जूनमध्ये पाऊस झाल्यावर मी शेतात जाऊन आले. सोयाबीन उगवलं होतं. बोअर चालू होता आणि समाधीच्या डावीकडं एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जमीन रिकामी होती. तिथं गवत माजलं होतं. सोमेश्वरनं विचारलं, “बाई, काकू येणार हायत का?”

मी त्याला म्हटलं, मला काय ठाऊक. तू फक्त तिथं पेरू नकोस.