भिंगवाला आणि तुटलेला एक्सल

भिंगवाला वरवर पाहून कशालाच चांगलं म्हणत नसे. टरबूज घ्यायचं तरी विकणाऱ्याला सांगे, "आधी काप." भिंगवाला हे नाव मीच ठेवलेलं. मी बाजारात वाढलेला, वस्तूचं तोंड पाहून भाव सांगणारा.

शिरड शहापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी शाळा सोडून हिंगोलीत ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जुन्या सामानाचं दुकान टाकलं. तो शिकत शिकत पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे धातूचा केसाहून पातळ तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तापवून आतले दोष कसे हलतात याचं तो चित्रण करी. एका दिवाळीत त्यानं मोबाइलवर दाखवलं. करड्या पडद्यावर काळ्या रेघा गोमेसारख्या सरकत होत्या.

"बाहेरून लोखंड गप. आत पाह्य, कसं चालून राह्यलं. हळू निवलं तर रेघा एकमेकींत मिटतात. पाणी ओतलं की अडकून बसतात."

"अन् ह्याचा पगार भेटतो तुला?" मी विचारलं. तो पोट धरून हसला.

पुढे माझ्या दुकानातून विकलेला, ट्रॉलीच्या चाकांचा एक एक्सल डोंगरकड्याच्या रस्त्यावर तुटला. ट्रॉली उलटली, ड्रायव्हर मारोतीचा पाय गेला. तो वाकलेला एक्सल मीच लाल तापवून सरळ केला होता, आणि गिऱ्हाईक दारात खोळंबलं म्हणून पाणी ओतून निववला होता. तुकडा घेऊन मी पुणं गाठलं. ओझ्यानं तुटला, एवढं त्यानं लिहून द्यावं.

चार दिवस तपासून तो म्हणाला, "ओझ्यानं न्हाई. पाण्यानं आधीच तडकला व्हता."

"अर्धं ओझ्यावर टाक, अर्धं माझ्यावर."

"आत अर्धं दिसलं असतं, तर अर्धं लिहिलं असतं, लेका."

मी त्याच्या अहवालाचा कागद हिसकावून खिशात कोंबला आणि त्याचं तोंड पाहणं सोडलं. त्याचे फोन येत. मी उचलत नसे. या उन्हाळ्यात तो काविळीनं गेला. दोस्तासाठी त्याला एक ओळ लिहिता आली नाही, हा राग अजून गेलेला नाही.

तरी तेराव्यानंतर तो कागद घेऊन मी मारोतीच्या दारात गेलो. वाचून दाखवला.

मारोती कुबडी चाचपत म्हणाला, "म्हंजे म्या जास्त भरलं म्हणून न्हाई? तीन वर्षं घरचे मलाच बोलून राह्यले, शेठ. म्या बी मलाच. तुमाला कवापासून ठाऊक हाय?"

"पहिल्या आठवड्यापासून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आत तोंड करून बायकोला हाक मारली, "बाहेर ये. ऐक, शेठ काय म्हणून राह्यले."

ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली. मी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.