मग तो गेला

रूबेनकाका गेल्याची बातमी मला सांगितली गेली, तेव्हा ती मला कळलीच नाही. ऑफिसातून निघत होते आणि ग्रॅहमचा फोन आला. ग्रॅहम म्हणजे ब्रिस्टलमधल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. आमची ओळख काकांमुळेच झालेली, आणि तीही जेमतेम. "आय ॲम अफ्रेड रूबेन इज अ सायलेंट की," ते म्हणाले. काकांच्या दाराची जादा किल्ली माझ्याकडे असायची. म्हातारबुवा पुन्हा स्वतःच्याच घराबाहेर अडकले, असं समजून मी म्हटलं, "काळजी करू नका, माझ्याकडे स्पेअर आहे, येतेच मी." मग ग्रॅहमनी हळूहळू समजावून सांगितलं, की मोर्सचे संदेश पाठवायची चावी वाजवणारा कुणी वारला की ही मंडळी तो वारला असं म्हणत नाहीत, त्याची चावी मुकी झाली म्हणतात. मी तरीही बस पकडून काकांच्या घरी गेले. का गेले ते विचारू नका. दार उघडंच होतं, आत काकांची मुलगी मिरियम फोनवर बोलत होती, आणि मी पायपुसण्यावर किल्ली घेऊन उभी.

काकांची नि माझी ओळख झाली ती पोस्ट ऑफिसच्या रांगेत. मी पुण्याहून ब्रिस्टलला नवीनच आले होते, विमानांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणाऱ्या कंपनीत, आणि इथे आपली भाषा कुणाला कळते या भरवशावर जरा जास्तच मोकळेपणाने बोलायचे. फ्लॅटमेटशी फोनवर म्हणत होते, "अगं, समोरचा म्हातारा काउंटरला चिकटलाय नुसता, हलेल तर शपथ." म्हातारा वळला, टोपी जरा वर केली आणि म्हणाला, "हलतो गो पोरी, हलतो. एक स्टँप चिकटवू दे." मेले मी तिथेच. काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएली ज्यू, मुंबईत वाढलेले, आणि पन्नास वर्षं विलायतेत काढूनही त्यांचं मराठी समुद्रकाठीच राहिलेलं. बायको वारल्यापासून त्यांच्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मिरियम कार्डिफला, हॉस्पिटलात नोकरीला; तिचं मराठी लहानपणी जिथे थांबलं तिथेच होतं. त्यामुळे मी रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मलाच त्याची गरज जास्त होती.

जिन्यावरच्या छोट्या खोलीत त्यांचा रेडिओ होता. एक टेबल, डोक्याला लावायचे फोन, पितळेची चावी, आणि खिडकीतून मागच्या बागेत गेलेली एक तार, जिच्यावर शेजारीण मनापासून चिडून असायची. त्या तारेच्या जोरावर काका फिनलंडच्या, ब्राझीलच्या कुणाकुणाशी टिकटिक करत. शुक्रवारी संध्याकाळी सेट बंद होई तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, त्यांचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा वार. मी विचारलं, "काका, एवढ्या लांबच्या माणसाशी बोलता काय तुम्ही?" तर म्हणाले, "काही नाही गो. नाव, गाव, हवा. तू कसा ऐकू येतोस, मी कसा ऐकू येतो." मला ते हास्यास्पद वाटायचं. त्या टिकटिकीत त्यांना माणसं ओळखू यायची, हे मात्र मी पाहिलेलं आहे, नाव कळायच्या आधीच म्हणत, "हा तो सर्दी झालेला."

युद्धात काका बर्माच्या आघाडीवर वायरलेस ऑपरेटर होते आणि त्यांना शौर्यपदक मिळालं होतं, हे मला ग्रॅहमकडून कळलं. एका टेकडीवर त्यांची तुकडी वेढली गेली होती. तोफा चालू असताना काका चावीवर बसून राहिले, मदतीचा मेसेज पाठवला, आणि त्यामुळे मागून कुमक आली. क्लबातल्या लोकांना हे पाठ होतं. काकांना विचारलं तर ते चहा करायला उठायचे. मला सांगितलं ते एकदाच, आणि तेही विचारल्याशिवाय. त्यांचा नव्या वर्षाचा सण होता, त्यांनी नारळाच्या दुधात गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता, तो काही केल्या घट्ट होत नव्हता, आणि आम्ही दोघं पातेल्याकडे बघत उभे होतो. काका ढवळता ढवळता म्हणाले, "सकाळधरनं बसलेलो, मेसेज काही जाईना. गणपत माझ्या जोडीचा, त्याच्या पोटात लागलेलं. डावा हात त्याच्यावर दाबलेला, उजवा चावीवर. मग तो गेला... मग मी हात काढला." एवढंच. पुढे म्हणाले, "वेलची कमी पडली बघ."

काका गेल्यावर काही आठवड्यांनी ग्रॅहमचा पुन्हा फोन आला. क्लबाने काकांच्या स्मरणार्थ एक दिवस खास स्टेशन चालवायचं ठरवलं होतं, स्काउटच्या हॉलमध्ये, आणि शनिवार नको म्हणून मुद्दाम रविवारी. जगभरातून जो कुणी उत्तर देईल त्याला काकांच्या नावाचं कार्ड जाणार होतं. कार्डावर काकांचं एखादं वाक्य हवं होतं. "आम्हाला तो कधी बोलला नाही," ग्रॅहम म्हणाले, "तुला बोलला." मी तिथल्या तिथे इंग्रजी करून दिलं: मेसेज गेला, आणि मग मी चावीवरचा हात काढला. ग्रॅहम खूश झाले. मीही झाले. केवढं नेटकं वाक्य आहे, असं मला वाटलं.

मग एका रविवारी मी मिरियमला घर आवरायला मदत करायला गेले. कपाटातले स्वेटर पिशवीत भरताना ती एकदम म्हणाली, "मेधा, गणपत कोण होती? पपा झोपेत ती नाव घ्यायचा." मी तिला हलव्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी काकांचे शब्द जसेच्या तसे म्हटले. ती म्हणाली, "तो गेला म्हणजे... पळून गेला? मला वाटायची, कोणतरी फ्रेंड पपाला सोडून गेला." मी हसून म्हटलं, "नाही हो, मेसेज गेला." "पण तू तर आत्ता गणपतचा बोलत होती."

माझ्या हातातला स्वेटर हातातच राहिला. मेसेजही तो, गणपतही तो. मेसेज पोचला तरी गेला, माणूस मेला तरी गेला. आणि काकांचे हात दोन. मेसेज गेला आणि चावीवरचा हात काढला, हे पदकाला शोभणारं. गणपत गेला आणि त्याच्यावरचा हात काढला, हे दुःख. त्यात मेसेज कुठेच नाही. की मेसेज जाईपर्यंत गणपतला दाबून धरलं, आणि मग त्याला सोडलं? हे मनात आलं आणि मला मिरियमकडे बघवेना. दोन्ही एकाच वेळी घडलं असंही असेल. मी पातेल्यापाशी उभी होते, त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर, आणि "कोण गेला, काका?" एवढं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण मला तेव्हा कळलंच होतं ना, मग विचारणार कशाला? आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं म्हणून मी एवढी हरखले होते, आणि नेमकं त्या भाषेतच मला त्यांचं काही कळलं नव्हतं. काकांचा रागही आला. एक नाम घालायला काय झालं होतं?

"आता कार्डवर काय लिहायचा?" मिरियमने विचारलं. मी ग्रॅहमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना दहादा समजावलं की मराठीत हे असं होतं. "पण यातलं खरं कुठलं?" ते विचारत राहिले, आणि मी माहीत नाही, माहीत नाही म्हणत राहिले. शेवटी ते म्हणाले, "जो शब्द नीट ऐकू आला नाही, तो आमच्याकडे अंदाजाने लिहीत नाहीत. पुन्हा मागतात. आणि मागायला कुणी नसेल तर जागा मोकळी सोडतात." कार्डावर मग तसंच छापलं. इंग्रजीत 'मग', पुढे एक आडवी रेघ, पुढे गेल्याचं क्रियापद, आणि मग मी हात काढला.

स्टेशनच्या रविवारी हॉलमध्ये ही थंडी. सात-आठ म्हातारे, बिस्किटांचे डबे, मिरियम कोट घालूनच बसलेली. दिवसभर नावं, गावं, हवा चाललं होतं. स्टेशन बंद करायच्या आधी ग्रॅहमनी काकांचीच चावी टेबलावर घेतली आणि ते वाक्य सावकाश पाठवलं. रेघ होती तिथे त्यांनी हात नुसता उचलून धरला. कानाला फक्त खरखर. मग उरलेले शब्द.

पलीकडून लगेच कुणाची तरी टिकटिक आली. ग्रॅहमनी ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "तो म्हणतोय, 'मग'च्या पुढचा शब्द पोचला नाही. पुन्हा पाठवा."

मिरियमही माझ्याकडे बघू लागली. मला त्या क्षणी काहीतरी, कुठलंही एक, सांगून टाकावंसं वाटलं. मी नाही म्हणून मान हलवली. ग्रॅहमनी वाक्य पुन्हा पाठवलं, पहिल्यासारखंच, तेवढीच जागा सोडून. या वेळी पलीकडे जरा वेळ लागला, मग अगदी थोडी टिकटिक झाली.

"पूर्ण मिळालं म्हणतोय," ग्रॅहम म्हणाले.

त्या जागी त्याने काय लिहून घेतलं, ते विचारा, असं मी म्हणणार होते. पण तोवर तो गेला होता.