पहिली माणसं आणि आजोबांचा राहिलेला शुक्रवार

मुलांनो, हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्हा दोघांना मराठी समजतं, वाचता येत नाही, याची खंत मला आहेच, पण आज लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. ती थोरलीसाठी जास्त, कारण ती गोष्ट तिच्याबद्दल आहे.

तू सात वर्षांची होईपर्यंत आमच्याजवळ, इथे आखातात, हिद्दला होतीस. आजोबा तेव्हा कारखान्यात गेज तपासण्याचं काम करायचे. वाफेचा, तेलाचा, पाण्याचा दाब दाखवणारी ती काटेवाली घड्याळं. एक गेज काय दाखवतं यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. दुसरं लावून बघायचे, दोन्ही जुळली तरच कागदावर सही. घरीही तेच. तू म्हणायचीस, दात घासले. ते विचारायचे, "पुरावा काय?" मग तू त्यांच्या नाकाजवळ तोंड नेऊन जोरात हा करायचीस. हा तुमचा रोजचा खेळ होता. पुढे तुम्ही सगळे अमेरिकेला गेलात आणि कॉलेजात तू जमिनीतून जुनी माणसं शोधण्याचा विषय घेतलास. त्याचा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. ही आता जगाला पुरावा मागणार, असं ते भेटेल त्याला सांगायचे.

हिद्दच्या पुलापलीकडे हूऱ्यात एका स्नेह्यांच्या हॉलमध्ये आम्ही विदर्भातली दहाबारा बौद्ध कुटुंबं शुक्रवारी संध्याकाळी जमतो. आधी वंदना, मग कुणाचं तरी तासभर भाषण, मग चहा. भाषण कशावरही चालतं: संविधान, मधुमेह, पेन्शनचे नियम. नियम एकच, प्रश्न विचारल्याशिवाय भाषण संपलं असं मानायचं नाही, आणि पहिला प्रश्न सगळ्यात लहानानं विचारायचा. मोठी माणसं आधी बोलली की लहानांची तोंडं बंद होतात, म्हणून ही पद्धत पडली. वेळ सांभाळायचं काम माझ्याकडे असतं.

दीड वर्षापूर्वी आजोबांची पाळी आली तेव्हा त्यांनी विषय घेतला, अमेरिकेत पहिली माणसं कोण आणि कधी गेली. तुझ्यासाठीच घेतला, हे सांगायला नकोच. महिनाभर तयारी केली. चादरीएवढ्या कागदावर नकाशा काढला. सायबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये तेव्हा समुद्र नव्हता, जमीन होती, ती पिवळी. उत्तरेकडचं बर्फ निळं. बर्फाच्या दोन पठारांमधून खाली उतरणारी एक वाट लाल. त्या वाटेनं माणसं आली, तेरा हजार वर्षांपूर्वी, हत्तीसारख्या मॅमथच्या मागे. न्यू मेक्सिकोत क्लोव्हिस नावाच्या गावाजवळ त्यांच्या भाल्यांची दगडी पाती सापडली. आजोबा कॉलेजात शिकले तेव्हा हेच शिकवलं जात होतं, आणि हेच त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. शेवटी नकाशावर पट्टी आपटून म्हणाले, "ही पहिली माणसं. यांच्या आधी तिथे कुणी नव्हतं."

तुला त्यांनी मुद्दाम फोनवर जोडून घेतलं होतं. तुझ्याकडे सकाळ होती. यजमान गमतीनं म्हणाले, आज लहानांना सुट्टी, पहिला प्रश्न अमेरिकेहून येऊ द्या. तुझा चेहरा टीव्हीच्या पडद्यावर आला आणि तू हसत विचारलंस, "आजोबा, त्यांच्या आधी कुणी नव्हतं, याचा पुरावा काय?"

तो तुमचा खेळ होता. मला ते लगेच कळलं, त्यांनाही कळलं असेल. पण हॉलमधल्या इतर कुणाला तो ठाऊक नव्हता. पुढे तू भरभर इंग्रजीत सांगत गेलीस. चिलीमध्ये क्लोव्हिसच्या हजारएक वर्षं आधीची वस्ती सापडली आहे, तंबूचे खुंट आणि समुद्राचं शेवाळसुद्धा. माणसं बहुधा होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्यानं गेली. आणि न्यू मेक्सिकोतच, आटलेल्या तळ्याच्या गाळात, एकवीस ते तेवीस हजार वर्षांपूर्वीची पावलं उमटलेली आहेत. आजोबांचं सगळं जुनं झालंय, असं तू म्हणालीस. प्रेमानं म्हणालीस. मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "नातीनं आजोबांची विकेटच काढली की!" आणि हॉल हसला. आजोबाही हसले. मग त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. चहा न घेता निघाले.

परतताना गाडी हिद्दच्या पुलावर आली. ते म्हणाले, "पोरीनं वाचलंय बरं."

पुढचे काही आठवडे तुझा फोन आला की ते बाल्कनीत कढीपत्त्याला पाणी घालायला जायचे. तू विचारलंस, आजोबा रागावलेत का? मी सांगितलं, नाही गं, वाचताहेत. तुला ती थाप वाटली. ती थाप नव्हती. तू पाठवलेलं सगळं त्यांनी दुकानातून छापून आणलं होतं आणि ते पेन्सिल घेऊन वाचत बसायचे. सुरुवातीला त्यांना त्या पावलांचा संशयच आला. पावलांच्या वरच्या आणि खालच्या थरांत पाणगवताच्या बिया सापडल्या, त्यांवरून वय काढलं होतं. पण पाण्यातल्या वनस्पती पाण्यातला जुना कार्बन शोषून घेतात आणि आहेत त्यापेक्षा जुन्या दिसतात, असा आक्षेप खुद्द शास्त्रज्ञांनीच घेतला होता. ते वाचून आजोबा खूश झाले. बघ, म्हणाले, गेजच खोटं निघालं. दोन दिवसांनी पुढचं वाचलं. नंतर त्याच थरांतले झाडांचे परागकण तपासले. वाळूचे कण शेवटचं ऊन कधी खाऊन पुरले गेले, तेही तपासलं. तिन्हींचं उत्तर जवळजवळ सारखं आलं.

त्या दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तीन वेगवेगळी गेजं, आणि काटा एकाच जागी," ते म्हणाले. "आता सही करावीच लागेल."

त्या पावलांतली एक रांग त्यांच्या मनात बसली होती. कुणीतरी, बहुधा एक तरुण बाई, निसरड्या चिखलातून मूल कडेवर घेऊन घाईनं चालली आहे. मध्येच मुलाला खाली टेकवलंय, तिथे इवली पावलं आहेत. मग पुन्हा नुसती मोठी. परत येतानाच्या रांगेत मात्र मुलाची पावलं कुठेच नाहीत. तिच्या मागून एक मॅमथ ती वाट तुडवून गेला. आजोबा मला म्हणाले, सोडून आली कुणाकडे तरी. तुला विमानतळावर सोडून आम्ही दोघं घरी आलो होतो, ते मला आठवलं. त्यांनाही आठवलं असणार.

मी म्हटलं, आता फोन करा तिला. पोर मनाला लावून घेऊन बसली आहे. ते ऐकेनात. सभेत चुकलो तर सभेतच दुरुस्त करणार, कानात सांगायची ही गोष्ट नव्हे, असं त्यांचं म्हणणं. यजमानांना सांगून त्यांनी पुन्हा एक शुक्रवार मागून घेतला. तुला आदल्या दिवशी फक्त एवढंच कळवायचं ठरलं, की फोनवर ये, आजोबांचं भाषण आहे. बाकी काही बोलायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी शब्द पाळला. त्यांचा हट्ट मला आवडलाही होता.

त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. मेंदूत गुठळी होती. हात महिन्याभरात बरा झाला. वाचा परतली नाही. पाणी हवं तर बोट दाखवतात. तुझं नाव घेता येत नाही, माझंही नाही.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. मी त्यांना पुन्हा शुक्रवारच्या वंदनेला नेऊ लागले. एकदा तुझ्या आईला दाखवावं म्हणून फोन चालू ठेवला, आणि तिच्या शेजारी तू होतीस. सगळ्यांबरोबर आजोबा त्रिशरण आणि पंचशील म्हणू लागले. स्पष्ट, एकही शब्द न चुकता, आधीच्याच आवाजात. मला रडू आलं. वंदना संपल्यावर मी फोन त्यांच्यापुढे धरला. तू म्हणालीस, "हाय, आजोबा." त्यांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही, आणि त्यांनी मान वळवली. तू आईला म्हणालीस, ते बोलू शकतात, फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

हे मला तुझ्या आईकडून कितीतरी आठवड्यांनी कळलं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, की लहानपणापासून पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. ते सुरात बाहेर पडतं. स्वतःचं वाक्य जुळवावं लागतं, ते जुळत नाही. मी हे तुझ्या आईला सांगितलं, तिनं तुला सांगितलं. तू "ओके" म्हणालीस. पण त्या दिवसापासून तू कुठे खणायला गेलीस, काय सापडलं, हे फोनवर सांगत नाहीस. हवापाणी विचारतेस. ते रोज तुझा फोन येण्याच्या वेळी चष्मा पुसून बसतात आणि तू मला विचारतेस, तिकडे गरम आहे का.

म्हणून लिहिते आहे. ते भाषण मी ऐकलेलं आहे, दाढी करताना ते आरशासमोर म्हणून बघायचे. सुरुवात अशी होती: "मागच्या वेळी माझ्या नातीनं पुरावा मागितला. तो माझ्याकडे नव्हता, तिच्याकडे होता." मग नवा नकाशा. त्यात लाल वाट पुसून किनाऱ्यानं निळी वाट काढली आहे, आणि न्यू मेक्सिकोत एक बारीक पाऊल. सगळ्यात शेवटी ते म्हणणार होते, की यांच्या आधी कुणी नव्हतं असं मी आता म्हणणार नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणेन. पहिला प्रश्न पुन्हा तूच विचारावास, अशी त्यांची इच्छा होती.

गेल्या महिन्यात मी त्यांना विचारलं, हे तुमच्या वतीनं मी सभेत वाचू का? त्यांनी माझ्या हातातून नकाशा घेतला, कपाटात उभा ठेवला आणि दार लावून घेतलं. त्यामुळे हूऱ्यात त्यांची ही दुरुस्ती अजून कुणालाच ठाऊक नाही. तिथे आजोबा अजूनही चुकलेलेच आहेत, आणि कुणाला आठवण झालीच तर ती विकेटची होते. हे सगळं तुला सांगू का, असं मात्र मी त्यांना विचारलेलं नाही.