लॅपटॉपची वायर घेऊन सोनाराकडे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नाहीतर पुढं चहा सांडेल. माझ्या हातून घोळ बरेच झालेत, पण धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जाऊन मी जो पराक्रम केला ना, त्याला तोड नाही. अहो, लॅपटॉपचं वायफाय दुरुस्त करायला मी सोनाराकडे गेलो! हो, सोनाराकडेच. बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी बीडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. काय शिकवायचो? माउस कसा धरायचा, अर्ज कसा टाईप करायचा, चित्रात रंग कसा भरायचा. पण माझे सासरे, घाटनांदूरचे बी-बियाण्याचे व्यापारी शिवलिंगआप्पा, गावभर सांगत सुटलेले, "आमचे जावई कॉम्प्युटर विंजिनेर हायेत." मी त्यांना मामा म्हणायचो आणि 'मामा, मी इंजिनिअर नाही' एवढं एक वाक्य सोडून त्यांच्याशी सगळं बोलायचो. आता तुम्हीच सांगा, तुम्ही बोलला असता?

धोंड्याचा महिना त्या वर्षी भर उन्हाळ्यात आला. पहिलाच धोंडा, त्यामुळे थाट विचारू नका. पाटाभोवती रांगोळी, पुरणाचे धोंडे, तुपाची धार, ताटात मोजून तेहतीस अनारसे आणि त्यांच्या मधोमध तेवता दिवा. मामांनी खास लातूरहून घडवून आणलेली सोन्याची अंगठी माझ्या बोटात घातली. "बापू, आमच्या ऐपतीपरमाणं हाय. गोड मानून घ्या," म्हणाले. मला खरंच भरून आलं हो.

आणि तेवढ्यात, चार पाहुण्यांच्या देखत, मामांनी कपाटातून लॅपटॉप काढला.

कंपन्यांनी तेव्हा दुकानदारांना 'ऑर्डर ईमेलवर पाठवा' असं सांगायला सुरुवात केली होती. म्हणून मामांनी तो अंबाजोगाईहून आणलेला. पुढं दुकान, मागं घर. दुकानात टेलिफोनच्या तारेवर चालणारा नेटचा नवा डबा बसलेला. त्याला वायर जोडली की नेट चालायचं. पण मामांना वायर नको होती.

"इकणारा म्हणला, बिनावायरचं बी चालतंय. पर आमच्या हातून काय होईना. म्हणलं, घरचा विंजिनेर येतोय, कावून दुसऱ्याला दाखवायचं?"

"पाच मिनिटांचं काम आहे, मामा," मी म्हणालो. माझी जीभ ही अशी आहे.

पाच मिनिटं गेली. पन्नास गेली. नेटवर्क काही दिसेना. मी दोनदा बंद करून चालू केलं, कारण क्लासमध्ये आम्ही प्रत्येक रोगावर हेच औषध द्यायचो. शेवटी "आतलं जरा बघावं लागेल" असं गंभीर चेहऱ्यानं सांगून मी लॅपटॉप खोलीत नेला आणि बीडच्या नंदूला फोन लावला. नंदू माझा मित्र, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"वायफायचं कार्ड गेलं आसंल बे," नंदू म्हणाला. "सकाळच्या गाडीनं कंडक्टरजवळ देतो. पाठीमागचं झाकण खोल, नखाएवढ्या दोन पिना दिसतील, एक काळ्या वायरीची, एक पांढऱ्या. ते ॲन्टेना हायेत. हळूच उपसायच्या, कार्ड बदलायचं, पुन्हा दाबायच्या. आन ऐक, हातातलं धातूचं काय आसंल ते काढून ठेव, न्हाईतर खाली टेकून काहीतरी जाळशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर जाऊन मी कंडक्टरकडून पुडी घेतली, खोलीचं दार लावलं आणि ऑपरेशनला बसलो. नंदूनं सांगितलं तसं आधी अंगठी काढून ठेवली. झाकण खोललं. कार्ड दिसलं. पांढरी पिन उपसली. वा! काळी उपसायला गेलो आणि टिक्!

वायर माझ्या हातात, पिन कार्डावरच.

घाम फुटला मला. नंदूला फोन केला तर म्हणाला, "आता ती वायर वरच्या पडद्यातून अख्खी काढ आन कुणाकडून तरी डाग मारून घे. पर रेडिओवाल्याकडं नेऊ नको, तो वितळवून टाकंल. लई बारीक हात पायजे."

बारीक हात! गावात बारीक हात कुणाचा? मोत्याएवढ्या मण्याला कडी जोडणारा कोण? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पडला नसता तर बरं झालं असतं. मी पडद्याची कड सैल केली, वायर ओढून काढली, कार्डावरची पिन चिमटीनं सोडवली आणि दोन्ही रुमालात बांधलं. तेवढ्यात बाहेर मामांच्या चपला वाजल्या. मी घाईघाईत नवं कार्ड आत सरकवलं, झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि लॅपटॉप गादीखाली कोंबून मागच्या दारानं पळालो.

दिगंबर सोनार साठीचे, शांत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पिन बघितली.

"ही कुणाची चमकी म्हणायची, जावईबापू?"

"चमकी नाही काका. ॲन्टेना आहे."

"एवढीशी?" त्यांनी वर आकाशाकडं बघितलं, मग पुन्हा पिनेकडं. "आसंल बाबा. पर ह्याला फुंकणी चालायची न्हाई, वरचं पिलास्टिक जळंल. कथलाचा कणभर डाग देतो."

त्यांनी दाभणाचं टोक तापवलं, श्वास रोखला आणि असा सुरेख डाग दिला की मी उठून पायाच पडणार होतो. मी वाकून बघत होतो, ते भिंगातून बघत होते, आमच्या दोघांच्या मधे ती सोनेरी पिन चमकत होती. आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या रस्त्यानं मामा स्कूटरवर बँकेत चालले होते.

मला काय माहीत? मी शीळ घालत घरी आलो.

दुपारी जेवायला बसलो तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. सासूबाईंना मी मामी म्हणायचो; त्या भाजी वाढताना माझ्याकडं बघेनात. बायको, म्हणजे आमची संगीता, दारात उभी राहून माझ्या उजव्या हाताकडं टक लावून बघतेय. मामांनी घास हातात घेतला आणि तसाच ताटात ठेवला.

"बापू, एक इचारू का? सकाळी तुमी दिगू सोनाराकडं गेलते?"

मेलो! लॅपटॉपचं कळलं वाटतं. लपवून काय उपयोग?

"गेलो होतो, मामा. चुकलंच माझं. पण जाणकार माणसाला आधी दाखवून घ्यावं, मग तुमच्याशी बोलावं, असं मनात होतं."

"आसं का. मग काय म्हणला सोनार?"

"लई नाजूक माल आहे म्हणाला. जरा जोर पडला की तुटणार."

मामींच्या हातातली पळी थबकली.

"आमी तर चांगली इचारपूस करून घेतलं हुतं," मामा हळूच म्हणाले.

मला त्यांची दया आली. धीर द्यावा म्हणून मी काय बोलावं? "तुमचा काय दोष मामा! विकणाऱ्यानं जुनाच माल नव्याच्या नावानं तुमच्या गळ्यात मारला असणार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझं मी बदलून घेतो."

झालं! मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. पांढऱ्या मिशीचा, अख्खं गाव ज्याला वाकून नमस्कार करतं तो माणूस माझ्यासमोर खाली मान घालून बसला. आणि मामींनी काय करावं? गळ्यातली बोरमाळ काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"हे घाला त्याच्यात. पर गावात बोभाटा करू नका, बापू. हात जोडते."

आता मी मठ्ठ असलो तरी किती असावं?

"अहो मामी, एवढ्याशा वायरीसाठी बोरमाळ कशाला?"

"वायर?" मामा.

"वायर?" संगीता.

"वायफायची! पिन तुटली, तिला डाग मारायला गेलो होतो!"

"आमी अंगठीचं बोलतोय!" संगीता कडाडली. "आप्पांनी हौसेनं केलेली अंगठी तुमी दुसऱ्याच दिवशी सोनाराकडं कस लावायला नेली! लाज न्हाई वाटली?"

मी खळखळून हसलो. किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! "वेडे, अंगठी कशाला नेईन मी? ही बघ!" असं म्हणून ऐटीत हात पुढं केला.

बोट रिकामं.

खिसे बघितले. रुमाल सोडून बघितला, आत नुसती वायर. गादी उलटी केली. उशी फाडायचीच बाकी ठेवली. अंगठी नाही! कुठं ठेवली होती ते आठवेना. डोक्यात नुसती ती काळी पिन 'टिक् टिक्' करत होती. संगीता रडायला लागली. "मोडून खाल्ली काय?" एवढंच ती म्हणाली, पण ते मला फार लागलं. लॅपटॉप गेला चुलीत. ह्या भल्या माणसाला आयुष्यभर वाटत राहणार की जावयानं आपल्या सोन्यावर संशय घेतला, वर ते विकलं, आणि पकडला गेल्यावर वायरीची गोष्ट रचली. अहो, मीसुद्धा विश्वास ठेवला नसता माझ्यावर!

"दिगूला बोलवा," मामा एवढंच म्हणाले.

दिगंबर सोनार आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्या गळ्याची आन, ह्यांनी अंगठी आणलीच न्हाई. चमकी घेऊन आलते, आभाळातलं पकडायची. कुठं हाय ते मशिन?"

मी लॅपटॉप पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून कानाशी नेला आणि हलवला.

खळ् खळ् खळ्.

काकांनी कनवटीचा बारीक पेचकस काढला, झाकण खोललं, आणि कार्डाशेजारच्या मोकळ्या कोपऱ्यातून चिमट्यानं माझी अंगठी उचलून बाहेर काढली. घरंगळून हरवू नये म्हणून मी ती तिथं 'सुरक्षित' ठेवली होती, आणि चपलांचा आवाज ऐकून वरून झाकण ठोकलं होतं!

मामा आधी बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग ते असे हसले, असे हसले, की दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावली. "मशिनीला जावई केलं का हो बापू? तिला घातली अंगठी!" मामी पदरात तोंड लपवून हसत होत्या. संगीता रडता रडता हसत होती. मला काय वाटलं सांगू? जीव भांड्यात पडला. मामांनी स्वतःच्या हातानं अंगठी पुन्हा माझ्या बोटात घातली, आणि मी खरंच डोळे पुसले.

काकांनीच मग रुमालातली वायर पुन्हा पडद्यात ओवली आणि चिमट्यानं दोन्ही पिना नव्या कार्डावर दाबून बसवल्या. मी हात लावायला गेलो तर चौघांनी एकदम "आं आं!" केलं.

"चला, आता दावा बिनावायरचं," मामा म्हणाले.

मी छाती फुगवून चालू केलं. नेटवर्क? नाही! पुन्हा बंद केलं, चालू केलं. नाही! नवं कार्ड, नवा डाग, सगळं जागच्या जागी, आणि नेट काही येईना.

दिगंबरकाका मात्र डोळ्याला भिंग लावून लॅपटॉपची पुढची कड निरखत होते, पाटलीवरची नक्षी बघावी तशी.

"जावईबापू, हे काय हाय? तिळाएवढं बटन दिसतंय. एका अंगाला सरकतंय वाटतं."

त्यांनी नखानं सरकवलं. बारीक निळा दिवा लागला. पडद्यावर मामांच्या दुकानाचं नेटवर्क टपकन उमटलं.

म्हणजे जुनं कार्ड चांगलं होतं. वायर चांगली होती. ॲन्टेना चांगला होता. नुसतं बटण बंद होतं! मी मोठ्या आवडीनं गार झालेली भाजी खायला लागलो.

ह्याला आता कितीतरी वर्षं झाली. मामा मला त्यावरून कधी टोचून बोलले नाहीत, पहिल्यासारखाच मान आहे, बसायला पाट आहे. पण गेल्या दिवाळीला गेलो होतो, तेव्हा दुकानातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. मी समोरच बसलेलो. बाह्या सारून उठलो, तर मामी लगबगीनं आल्या, प्रिंटर उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि माझ्यापुढं फराळाचं ताट मांडलं.

"तुमी नका हात लावू, बापू. तुमी खा निवांत. दिगूभाऊ निघालेत दुकानातून."