व्हर्नाबाई रेषेपुढे गेल्या तेव्हा

व्हर्ना कुचेरा एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होत्या. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून त्यांनी नेब्रास्कातल्या आपल्या छोट्या गावात मुलांना नेमबाजी शिकवायला घेतली. उन्हाळ्याच्या जत्रेत जिथे गाई-बैल बांधतात, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये हिवाळाभर दर शनिवारी छऱ्याच्या बंदुका आणि कागदी निशाणं मांडली जात.

बाईंचा नियम कडक होता. सगळ्या बंदुका खाली ठेवून झाल्याशिवाय तांबड्या रेषेच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. टाकलंच, तर उरलेला दिवस बाकावर. आणि धोका दिसला की कुणीही "थांबा!" म्हणू शकतं. मग समोर कुणी का असेना.

त्या वर्षी कोरिन नावाची अकरा वर्षांची मुलगी आली होती. इतकी मुखदुर्बळ, की हजेरीला तिचा 'हो' ऐकूच यायचा नाही. बाईंनी दोनदा तिची गैरहजेरी मांडली, तेव्हाही ती गप्पच राहिली.

जानेवारीतल्या एका शनिवारी मधल्या निशाणाचा कागद एका कोपऱ्यातून सुटून फडफडू लागला. "या टाचण्या म्हणजे ना!" असं पुटपुटत बाई तरातरा निघाल्या. टोकाला उभ्या वेस नावाच्या मुलाच्या हातात अजून बंदूक होती.

"थांबा!"

आढ्यावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. सगळ्या बंदुका खाली गेल्या. बाईंनी पाहिलं, तर त्यांचे दोन्ही बूट रेषेच्या पलीकडे.

"कोण ओरडलं?"

कोरिनचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "मी... बाई, तुम्ही पुढे गेला होतात. वेसची बंदूक खाली नव्हती."

'वेस तर अजून छर्राच भरत होता,' हे बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"बरोबर बोललीस. चूक माझी. काय रे, नियम काय आपला?"

"बाकावर!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. असा मोका पुन्हा थोडाच मिळणार होता!

बाई बाकावर जाऊन बसल्या. त्यांचे मदतनीस गस यांनी पुढचा सराव घेतला. दुपारी बाईंचे यजमान लेनर्ड राजम्याच्या तिखट रश्श्याचं पातेलं आणि दालचिनीचे रोल घेऊन आले.

"काय गं, बरं-बिरं नाही का?"

"शिक्षा झालीय मला."

लेनर्ड इतके हसले, की गसना पातेलं धरावं लागलं. "चाळीस वर्षं मला जमलं नाही, ते कुणी केलं? ज्यानं केलं त्याला आधी रोल द्या!"

बाकावर बसल्या बसल्या बाईंना मुलं वेगळीच दिसली. वेस आपली पाळी सोडून धाकट्यांच्या बंदुकांचे पट्टे नीट करत होता. कोरिन प्रत्येक नेमाआधी श्वास सोडून थांबत होती. एवढं सगळं आपल्याशिवाय चालतं म्हणून त्यांना जरा वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी कोरिनला रेषेवर हुकूम द्यायला उभं केलं.

"माझा आवाज लहान आहे, बाई."

"चिमण्यांना विचार."

पहिले काही हुकूम चिरके निघाले. वेसनं तोंड दाबून हसूही आवरलं. पण मार्चपर्यंत कोरिनचं "भरा" आणि "खाली ठेवा" शेडबाहेरच्या गाड्यांपर्यंत पोचू लागलं.

एके दिवशी तिच्या आईचा फोन आला. "अहो, काय शिकवलंत हिला? काल हिच्या मोठ्या भावानं जेवताना शेवटचा बटाटा उचलला, तर ही उभी राहून 'थांब!' म्हणून ओरडली."

"मग? थांबला का तो?"

"थांबला ना! काटा हवेतच!"

"मग बरंच शिकवलंय," व्हर्नाबाई म्हणाल्या आणि ही गोष्ट सांगायला लेनर्डना हाका मारत अंगणात गेल्या.